आंबील पिऊन ऑपरेशनला

तनुजाला ऑपरेशनचा इतका आनंद झाला होता की तिच्या नवऱ्याला, दयानंदला, त्याची लाजच वाटायला लागली होती. आता तुम्हीच सांगा, ऑपरेशन म्हटलं की माणूस तोंड पाडतो, देवाला नवस बोलतो, पाहुण्यांना फोन लावून रडतो. ही बाई लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात भाजीवालीला सांगते, "मावशी, परवा माझं ऑपरेशन हाय," आणि वर हसते! भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिली.

पण तनुजाचंही काय चुकलं? लग्नाला सहा वर्षं झालेली. त्यातली शेवटची दोन नुसती वाट बघण्यात गेली. दर महिन्याला चार दिवस आशा लावायची, पाचव्या दिवशी न्हाणीघरात जाऊन गुपचूप रडायचं, आणि बाहेर येऊन 'डोळ्यात साबण गेला' म्हणायचं. दोघांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं चांगलं निघालं. चांगलं निघालं म्हणून तर जास्त वैताग. दुखणं सापडलं तर औषध घ्यावं, नाहीच सापडलं तर कुणाशी भांडावं?

शेवटी तिच्या माहेरच्या डॉक्टरीणबाईंना ते सापडलं. तनुजाचं माहेर अर्धापूरचं, त्यामुळं लहानपणापासून दवाखाना म्हटलं की नांदेड. डॉक्टर उज्वला यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पिशवीच्या आत, नेमकं गर्भ रुजतो त्या जागी, तुरीच्या दाण्याएवढा मांसाचा एक कोंब आला होता. पॉलिप म्हणतात त्याला. "घाबरायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "खालूनच दुर्बीण घालून काढायचा. चीर नाही, टाका नाही. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. एक पाळी जाऊ द्यायची आणि मग लागा तयारीला."

लागा तयारीला! एवढे दोनच शब्द तनुजानं ऐकले. त्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ती प्रसाद घ्यावा तशी घेत होती.

मागल्याच महिन्यात व्हायचं ते. पण ऐन दिवशी तिला सर्दी-खोकला झाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सरळ परत पाठवलं. "छातीत घरघर आहे, पुढच्या पाळीनंतर या." एवढी मोठी बाई परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत हुंदके देत आली.

पाळी संपली की लगेचचे चार-पाच दिवस, तेवढ्यातच हे ऑपरेशन होतं. या वेळी ते दिवस आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बुधवारी या. गुरुवारी मी बेंगळुरूला निघते, लेकीचं बाळंतपण आहे. दीड महिना नाही मी." म्हणजे बुधवार एके बुधवार. आणि बुधवारी काय होतं? येळवस, म्हणजे वेळ अमावस्या!

आता नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक येळवस म्हणजे काय. तिकडं तो साधा कामाचा दिवस. पण आमच्या लातूर जिल्ह्यात येळवशीला घरात माणूस सापडत नाही. सगळा मुलूख शेतावर. कडब्याची खोप करायची, पूजा मांडायची, आणि हिरव्या दाण्या-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील येईल-जाईल त्याला वाढायची. घरच्या सुनेनं डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, घेऊन शेतात जायचं. आणि या घरात सून एकच, तनुजा.

सासूला कसं सांगावं म्हणून ती दोन दिवस घुटमळत होती. तिची सासू साखराबाई. नाव साखराबाई, जीभ मात्र मिरचीची. तिनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मग त्यात तोंड पाडायचं काय? येळवस दरसाल येती. जावा तुम्ही. बिंदगं मी न्हेती. माझी मान काय मोडली न्हाई अजून."

"आत्या, अमावस्या हाय, चालंल का?"

"बाकीच्या अमावस्या निराळ्या, येळवस निराळी. ह्या दिवशी रान भरल्यालं असतं. चांगला दिवस हाय. बिनघोर जा."

दवाखान्याचा एकच मोठा नियम होता. रात्री बारानंतर पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दयानंदनं तो नियम लईच मनावर घेतला. त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान, गिऱ्हाइकाकडं उधारी मागताना जीभ चाचरते. पण बायकोवर पहारा द्यायला एकदम फौजदार. त्यानं खोलीतला पाण्याचा तांब्या उचलून बाहेर नेला, तिच्या पर्समधल्या बडीशेपेच्या पुड्या काढून घेतल्या, आणि "चूळ भरताना गिळू नको" असं तीनदा बजावलं.

"अहो, मी दिवसभर लोकांचे अर्ज भरते," तनुजा वैतागून म्हणाली. "सूचना मला शिकवू नका." तिचं मुरुडात ई-सेवा केंद्र होतं. सूचना न वाचता सही करणाऱ्या बाप्यांना ती अशी झापायची की ते दुसऱ्यांदा येताना चष्मा घालून यायचे.

आणि हीच बाई पहाटे चारला उठली. निघायचं पाचला होतं, निजली असती अजून अर्धा तास तर कुणी बोललं नसतं. पण स्वयंपाकघरात सासू एकटी वीस माणसांची भज्जी ढवळत होती. ते बघून तिला राहवेना. अंघोळ उरकली आणि बसली उंडे वळायला. इकडं दयानंद बाहेर गाडीची काच पुसत होता. फौजदार दारात आणि चोरी घरात, ती अशी.

साखराबाई चुलीपाशी, घामाघूम. काल रात्रीच करून ठेवलेल्या आंबिलीत तिनं पळी फिरवली, वाटीभर ओतली आणि मागं न बघताच हात लांब केला. "बघ गं, आंबली का नीट?"

सहा वर्षं दर येळवशीला हेच चाललेलं. सासूनं वाटी द्यायची, सुनेनं चाखून सांगायचं. तनुजानं वाटी तोंडाला लावली. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, कोथिंबीर, गार गार. वाटी रिकामी झाली.

"मीठ कमी हाय, आत्या."

मीठ पडलं. परत अर्धी वाटी. "आता लई झ्याक."

दोघींचंही समाधान झालं, दोघीही कामाला लागल्या. बाहेर हॉर्न वाजला. तनुजा सासूच्या पाया पडली, साखराबाईनं ओल्या हातानं तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, आणि गाडी निघाली.

लातूर मागं पडलं तेव्हा तनुजा गाणं गुणगुणत होती. दयानंदला बाळाच्या नावांबद्दल विचारत होती. त्यानं एक नाव सुचवलं की ती नाक मुरडत होती. अहमदपूरच्या अलीकडं उजाडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला बैलगाड्या, ट्रॅक्टर, बायकांच्या डोक्यावर बिंदगी, पोरांचा कालवा. सगळी दुनिया रानात चाललेली. तेवढ्यात सासूचा फोन आला.

"कुठवर आलात?"

"अहमदपूर येतंय, आत्या. तुम्ही शेतात पोचलात का?"

"न्हाई अजून." साखराबाईचा आवाज बसल्यासारखा झाला होता. "तनू, डॉक्टर काय म्हणत्यात ते नीट ऐक. ते म्हणतील तसं कर. घाई करू नको."

"हाव आत्या."

फोन ठेवला आणि तनुजाला ढेकर आली.

चांगली लांबलचक, आंबट, लसणाची ढेकर. ती पुढच्या रस्त्याकडं बघतच राहिली.

"अहो," ती म्हणाली. "गाडी बाजूला घ्या."

"काय झालं? ओकारी?"

"मी आंबील प्यालेय."

दयानंदनं एवढ्या जोरात ब्रेक मारला की मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या देत पुढं गेला. "आंबील? कवा? कुठं?"

"चाखली. पावणेपाचला. आत्यांनी वाटी दिली आणि मी... माझ्या ध्यानातच न्हाई हो!"

"किती? बोट बुडवून?"

"दीड वाटी."

"दीड वाटी म्हणजे चाखणं व्हय गं? ते जेवण झालं!" त्यानं कपाळाला हात लावला. "रात्रभर मी तांब्याला राखण बसलो, आणि ही..."

तनुजा रडायलाच लागली. मागल्या महिन्यात भूलतज्ज्ञांनी तिला समजावून सांगितलं होतं. भूल दिली की पोटातलं अन्न वर येतं, श्वासाच्या नळीत उतरतं, आणि जीवावर बेतू शकतं. म्हणजे सांगितलं तर दीड महिना घरी. डॉक्टरीणबाई बेंगळुरूला. दोन पाळ्या, दोन वेळचा साबण डोळ्यात. आणि नाही सांगितलं तर?

"न्हाई सांगायचं," दयानंद हळूच म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरला. "म्हणजे, बघू आपण. आधी पोचू तर खरं. आणि आईला तर बिलकूल सांगायचं न्हाई. वाटी तिनं दिलीय. ती झुरून मरंल."

ते मात्र तनुजाला पटलं. आत्यांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. दयानंदनं गाडी परत नांदेडच्या रस्त्याला घातली.

दवाखान्यात तिचा नंबर पहिला होता, साडेनऊचा. ती काउंटरशी गेली. तिथं सिस्टर पार्वतम्मा बसल्या होत्या. बाई देगलूरकडच्या, धिप्पाड. त्यांनी चष्म्यावरून तिला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाल्या, "तनुजा ना? तुमचा नंबर बदलला अम्मा. शेवटचा झाला. एक वाजता."

"एक वाजता?" दयानंद पुढं झाला. "का बरं?"

"झाला तसा. वर जाऊन कपडे बदला. पाणी पिऊ नका."

दयानंद तिला जिन्यात घेऊन गेला आणि तिथं त्याचा आनंद फुटला. "देव पावला बघ! पावणेपाच ते एक, सव्वाआठ तास! डॉक्टर म्हणत्यात आठ तास रिकामं पोट पाहिजे. झालं की! आता कुणाला काहीबी सांगायची गरज न्हाई. देवाला काळजी!"

तनुजालाही हायसं वाटलं. एवढं वाटलं की जिन्यातच बसून तिनं डोळे मिटले. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की झालं. पुढल्या महिन्याच्या पुढं तयारी, आणि पुढल्या येळवशीला काय सांगावं, कडेवर कुणीतरी असेल.

साडेबाराला कागद आला. भूल देण्याआधी भरायचा. नाव, वय, वजन, आजार, आणि मग ती ओळ: 'शेवटचे अन्न केव्हा व काय घेतले'. खाली सहीची जागा.

"रात्री नऊ. भाकरी-भाजी," दयानंद कानाशी म्हणाला.

तनुजानं पेन टेकवलं. रोज आपण माणसांना सांगतो, बाबा, जे खरं ते लिही, सही तुझी हाय, उद्या अंगाशी येईल. आणि इथं तर कुणाच्या सातबाऱ्याचा प्रश्न नव्हता. आठ तास पुरतात का आंबिलीला, हे तिला ठाऊक नव्हतं, दयानंदला तर मुळीच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो माणूस भिंतीपलीकडं बसला होता, आणि त्याच्यापासूनच लपवायचं. शिवाय तिच्या मनात दुसरंही आलं, आणि ते जास्त लागलं. ज्या बाळासाठी एवढा आटापिटा, त्याची सुरुवातच खोट्यानं कशाला करायची?

"तनू," दयानंद काकुळतीला आला. "परत पाठवलं तर?"

"तर रडत जाईन," ती म्हणाली. "मागल्या वेळेसारखी."

आणि तिनं लिहिलं: पहाटे पावणेपाच. आंबील. दीड वाटी. सही केली, अक्षर रोजच्यासारखंच सुबक आलं.

भूलतज्ज्ञ या वेळी निराळे होते. डॉक्टर उमाशंकर, टक्कल पडलेले, डोळ्यांत थकवा. त्यांनी कागद वाचला. परत वाचला.

"दीड?" ते म्हणाले.

"हाव. मीठ कमी होतं म्हणून परत चाखली."

"लसूण?"

"घातला होता."

त्यांनी एक लांब उसासा सोडला. तनुजाला वाटलं, संपलं सगळं. पण ते म्हणाले, "आमच्याकडं आई लई लसूण घालते. मी उदगीरचा हाय. शेतावर सगळे माझी वाट बघून राहिलेत सकाळपासून. दोनदा फोन येऊन गेला." मग घड्याळ बघितलं. "बरं झालं लिहिलंत. माणसं चहा-पोहे खाऊन येतात आणि आईची शपथ घेऊन न्हाई म्हणतात. ढेकर येतेय का अजून?"

"न्हाई. दहानंतर न्हाई."

त्यांनी तिचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली, मागल्या खोकल्याची चौकशी केली. सोनोग्राफीचं यंत्र सरकवून पोट रिकामं झालंय का तेही बघितलं. यंत्रावरून हात काढत ते म्हणाले, "चला."

"म्हणजे? घरी?"

"घरी कशाला? आत चला. कोंब काढायचाय ना?"

तनुजा टेबलावर चढली ती हसतच. डॉक्टर उज्वला मास्कमधून म्हणाल्या, "ही पहिली पेशंट बघते मी, लग्नाला आल्यासारखी आली." हातात सुई गेली, उमाशंकर म्हणाले, "येळवशीची भज्जी आठवा." तिला भज्जीतले तुरीचे हिरवे दाणे आठवले, आणि पुढचं काही आठवलं नाही.

जाग आली तेव्हा ओटीपोटात पाळीसारखी कळ होती आणि दयानंदचं तोंड अगदी जवळ. त्याच्या हातात एक फोटो होता, दुर्बिणीतून काढलेला. आधी आणि नंतर. आधीच्यात तो बेटा कोंब ऐसपैस बसलेला. नंतरच्यात गुलाबी, स्वच्छ, रिकामी जागा.

"सगळा निघाला," दयानंदचा आवाज भरून आला. "मुळासकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा एकदम तयार हाय."

तनुजा त्या फोटोकडं बघत राहिली. दोन वर्षं जिच्यावर तिनं राग धरला होता, ती ही जागा. काय गोजिरी दिसत होती! तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं.

पार्वतम्मा सलाईनची सुई काढायला आल्या. दयानंदच्या तोंडाला आता खळ नव्हता. "सिस्टर, देवाची करणी बघा. नेमका आजच नंबर शेवटचा लागला. पहिला असता तर गेलो असतो परत! देवानंच लावला."

पार्वतम्मांनी चिकटपट्टी ओढली. "देवानं कशाला? तुमच्या आईनं लावला."

"आँ?"

"साडेपाचला फोन आला त्यांचा. रात्रपाळीला मीच होते, आज दिवसपाळीलाही मीच. दवाखान्याच्या कॅलेंडरवरून नंबर बघून लावला म्हणाल्या. रडत होत्या अम्मा, बोलता येईना. म्हणाल्या, माझ्या हातानं सुनेला आंबील पाजली, एक वाटी. तिला भूल देऊ नका. मी डॉक्टरांना फोन केला. उमाशंकर सर म्हणाले, तिला शेवटी घ्या, मी थांबतो. एक वाटी म्हणाल्या होत्या त्या, तुम्ही दीड लिहिली."

तनुजा उठून बसायला लागली. पार्वतम्मांनी तिला परत आडवं केलं. "पडा."

"मला का न्हाई सांगितलं? गाडीत तर फोन आला होता त्यांचा."

"त्यांनीच मना केलं. म्हणाल्या, तिला कळलं तर रस्ताभर रडत जाईल. तिला समजू देऊ नका." पार्वतम्मा हातावर कापूस दाबत बोलत होत्या. "मी म्हटलं, बाई, आज कदाचित रद्द होईल ऑपरेशन, दीड महिना पुढं जाईल. नातवाची वाट बघता ना तुम्ही? तर म्हणाल्या, 'जाऊ द्या पुढं. न्हाईच झालं तरी चालंल. नातवंडं कवाबी होतील, सून मला एकच हाय.'"

दयानंद खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. तनुजानं फोनसाठी हात पुढं केला. त्यानं फोन लावून तिच्या हातात दिला.

पलीकडं कालवा चालला होता, पंगत बसली असावी. "तनू?" साखराबाई ओरडली. "शुद्धीवर हायस का? बोल की!"

"आत्या," तनुजा म्हणाली. पुढं शब्द फुटेना.

पलीकडून सासूचा बारीक आवाज आला, चोरी पकडली गेलेल्या एखाद्या पोरीसारखा.

"त्या बाईनं सांगितलं व्हय तुला?"

"हाव," तनुजा म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तिकडं शेतात, वीस माणसांच्या देखत, साखराबाईनंही तोंडाला पदर लावला.